प्रवासासाठी मीडिया प्लेयर कसा पारखून घ्यावा

करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. मुंबईहून निघालेली गाडी रत्नागिरीच्या थोडे आधी त्यात शिरली की डब्यातील निम्मे फोन एकाच वेळी मुके होतात, कारण त्यांतील गाणी आणि चित्रफिती इंटरनेटवरून येत असतात. ज्याच्याकडे सगळे आधीच साठवून ठेवलेले असते, त्याला बोगदा आला आणि गेला हे कळतही नाही. वेगळा मीडिया प्लेयर बाळगण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे. शिवाय फोनची बॅटरी परतीच्या प्रवासापर्यंत शिल्लक राहते आणि मध्येच येणाऱ्या कॉलमुळे बंदिश तुटत नाही.

मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉडचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा हा प्रकारच संपला असे अनेकांना वाटले. पण सोनी, फियो, हायबी या कंपन्यांचे प्लेयर आजही मिळतात आणि अनोळखी नावांच्या स्वस्त प्लेयरचा तर ऑनलाइन बाजारात सुळसुळाट आहे. अडचण ती निवडण्याची आहे. खोक्यावर छापलेले आकडे सगळ्यांचेच देखणे असतात आणि दुकानातला नमुना दुकानदाराच्याच निवडक गाण्यांवर वाजत असतो. म्हणून या लेखातील सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: प्लेयर पारखायचा तो आपल्या स्वतःच्या फाइल भरलेल्या कार्डावर, आपल्या इअरफोनवर आणि जमल्यास आपल्या नेहमीच्या प्रवासात.

आधी कोणत्या जातीचा प्लेयर हवा ते ठरवा

बाजारात ढोबळमानाने चार पर्याय आहेत. पहिला म्हणजे बटणांचा छोटा प्लेयर, जो संगीतापुरता उत्तम असतो आणि ज्याची चित्रफीत दाखवण्याची सोय बहुधा नावापुरती असते. दुसरा म्हणजे अँड्रॉइडवर चालणारा संगीत प्लेयर. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ हा त्याचा नमुना, ज्याला ३.६ इंची स्क्रीन आहे. तिसरा जुना आयपॉड, विशेषतः २०१४ मध्ये बंद झालेला क्लासिक, ज्यातील हार्ड डिस्क काढून तिथे मेमरी कार्ड बसवून घेणारे हौशी लोक आजही आहेत. चौथा पर्याय म्हणजे कपाटात पडलेला जुना फोन किंवा सात-आठ इंची टॅबलेट, एअरप्लेन मोडवर टाकून वापरलेला.

माझे मत स्पष्ट आहे. संगीत आणि चित्रपट या दोन्हींसाठी एकच यंत्र घेण्याचा हट्ट धरला, तर दोन्हीकडे थोडे थोडे गमवावे लागते, कारण शर्टाच्या खिशात मावणाऱ्या स्क्रीनवर अडीच तासांचा चित्रपट डोळ्यांना शिणवतो आणि चित्रपटाला योग्य ठरणारी स्क्रीन खिशात मावत नाही. ज्याला मुख्यतः चित्रपट पाहायचे आहेत, त्याने नवा प्लेयर घेण्यापूर्वी घरातील जुना टॅबलेट एक आठवडा वापरून पाहावा. कदाचित पुढचा लेख वाचण्याची गरजच उरणार नाही.

चाचणीचे कार्ड घरी तयार करा

हे काम एका संध्याकाळचे आहे आणि ते कधीही टाळू नये. ३२ जीबीचे एक चांगले कार्ड घ्यावे आणि त्यात पुढील गोष्टी भराव्यात.

सर्वप्रथम एकमेकांना जोडलेले दोन ट्रॅक घ्यावेत. शास्त्रीय गायनाच्या सीडीवर विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत बंदिश दुसऱ्यावर असते. गवयाने मध्ये श्वासही घेतलेला नसतो आणि तबला अखंड चालू असतो. अशी जोडी एमपी३ आणि फ्लॅक (यात आवाजाचा दर्जा घटत नाही) या दोन्ही स्वरूपांत कार्डावर ठेवावी. एमपी३ स्वरूपात आवाज ११५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत, म्हणजे सीडीच्या वेगाने सुमारे २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत साठवला जातो आणि फाइलच्या सुरुवातीला व शेवटी थोडी कोरी जागा शिल्लक राहते. चांगला प्लेयर ती जागा ओळखून गाळतो. साधा प्लेयर ती तशीच वाजवतो, वर पुढची फाइल उघडायला आणखी वेळ घेतो आणि नेमका समेवर येताना ठेका अडखळतो. भावगीतांच्या श्रोत्याला हा दोष कधी जाणवणारही नाही. ख्याल ऐकणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी असह्य होतो.

त्यानंतर दीड-दोन तासांचे एखादे कीर्तन किंवा व्याख्यान एकाच फाइलमध्ये घ्यावे. ते मध्यावर थांबवून प्लेयर पूर्ण बंद करावा, दुसरे एखादे गाणे लावावे आणि मग पुन्हा त्या फाइलकडे यावे. जिथे सोडले तिथून ते सुरू होते की पहिल्यापासून, हे पाहावे. नसेल होत, तर एक तास बारा मिनिटांपर्यंत पुढे नेण्यासाठी बटण किती वेळ दाबून धरावे लागते, तेही मोजावे.

एक फाइल संपूर्ण शांततेची असावी, मिनिटभराची. तिचा उपयोग पुढे येईल. आपल्याला पाठ असलेले एक गाणे एमपी३मध्ये १२८ केबीपीएस (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट माहिती), ३२० केबीपीएस आणि फ्लॅक अशा तीन रूपांत ठेवावे. ध्वनिमुद्रणातील वाद्ये आणि गवयाची फेक आपल्या कानात बसलेली असल्यामुळे पाठ असलेले गाणेच खरे बोलते. दुकानदाराने लावलेल्या अनोळखी चकचकीत गाण्यावरून काहीही ठरवू नये.

चित्रफितींच्या बाबतीत एक समजूत आधी दूर करायला हवी. एमपी४ किंवा एमकेव्ही हे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणाऱ्या डब्याचे नाव आहे. आतला पदार्थ, म्हणजे चित्र आकसून साठवण्याची पद्धत, एच.२६४ असू शकते, एच.२६५ असू शकते किंवा आणखी काही. खोक्यावर ‘एमपी४ चालते’ असे लिहिलेले असूनही आपली फाइल उघडत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. मीडियाइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रॅमने डब्याच्या आत काय आहे ते कळते. कार्डावर ७२० ओळींची एच.२६४ फाइल, १०८० ओळींची एच.२६४ फाइल एमकेव्ही डब्यात, एक एच.२६५ फाइल, दूरदर्शनच्या काळातील ४:३ आकाराचे एखादे जुने मुद्रण आणि तबलावादनाची जवळून घेतलेली छोटी चित्रफीत असावी. एका फाइलसोबत मराठी सबटायटलची एसआरटी फाइलही ठेवावी.

मराठी नावांची कसोटी

या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण प्लेयरची परीक्षणे करणारे बहुतेक जण इंग्रजी गाण्यांवर काम भागवतात आणि आपली अडचण त्यांच्या लक्षातच येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एक छोटा प्लेयर घेतला आणि उत्साहाने त्यात देवनागरी नावे दिलेली सुमारे चारशे गाणी भरली. स्क्रीनवर अक्षरांच्या जागी चौकोनांच्या रांगा उमटल्या. पुढचे दोन महिने मी ‘वरून सातवी, नऊ चौकोनांची ओळ’ अशा खुणांवर अभंग शोधत होतो. आवाज उत्तम होता, बॅटरीही चांगली होती, पण घेताना एक मिनिट घालवून मी हे तपासले नव्हते.

चौकोन दिसत नाहीत म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये. संगणकात पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवली जाते आणि दाखवताना ती आधी आणावी लागते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो. जोडाक्षरांची जुळणी करावी लागते. हे काम करणारी सोय प्लेयरमध्ये नसेल, तर अक्षरे दिसतात पण मोडकी. ‘निर्गुणी भजन’ या नावाचे एक फोल्डर करून पाहावे. पहिली वेलांटी ‘न’च्या उजवीकडे जाऊन बसली किंवा ‘र’चा पाय मोडून तो सुटा उभा राहिला, तर त्या प्लेयरला देवनागरी येत नाही असे समजावे. अँड्रॉइडवरील प्लेयरमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही. स्वतःची छोटी प्रणाली असलेल्या बटणांच्या प्लेयरमध्ये तो वारंवार येतो. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवून हीच कसोटी चित्रफितीवरही घ्यावी.

फाइलचे नाव वेगळे आणि गाण्याच्या आत लिहिलेली माहिती, म्हणजे टॅग, वेगळी. एमपी३ फाइलमधील आयडी३ या टॅगच्या २.३ आणि २.४ अशा दोन आवृत्त्या प्रचारात आहेत आणि काही जुन्या प्लेयरना त्यांपैकी २.४ वाचता येत नाही. नावाच्या जागी कचरा दिसला, तर एमपी३टॅग या मोफत प्रोग्रॅमने टॅग २.३ मध्ये बदलून पुन्हा पाहावे. दुसरी खास आपली गरज अशी की मराठी श्रोता गाणे गायकाच्या नावाने जितके शोधतो, तितकेच संगीतकाराच्या आणि गीतकाराच्या नावाने शोधतो. संगीतकारानुसार यादी दाखवण्याची सोय अनेक प्लेयरमध्ये असते, गीतकाराची मात्र क्वचितच. ती नसेल, तर फोल्डर पाहून गाणी लावता येतात का, हे निर्णायक ठरते, कारण मग आपण आपली मांडणी स्वतः करू शकतो.

क्रमाचीही खात्री करून घ्यावी. १ ते १२ असे साधे आकडे दिलेल्या फाइल काही प्लेयर १, १०, ११, १२, २ अशा क्रमाने लावतात. ०१, ०२ असे दोन अंकी आकडे दिले की हा घोळ मिटतो. काही स्वस्त प्लेयर तर नावांकडे पाहतच नाहीत आणि कार्डावर ज्या क्रमाने फाइल लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. व्याख्यानमालेचे पाचवे पुष्प दुसऱ्याच्या आधी ऐकायचे नसेल, तर हे दुकानातच तपासलेले बरे.

कानाची परीक्षा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात, तर आपले इअरफोन आणि कार्ड सोबत असू द्यावे. आवाजाची पारख करताना आधी शांततेची फाइल लावावी आणि आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवावा. कानात सरसर ऐकू येत असेल, तर ती प्लेयरच्या ॲम्प्लिफायरची आहे. संवेदनशील इअरफोनवर ती अधिक ऐकू येते आणि तानपुऱ्याच्या मंद सुरांमागे सतत जाणवत राहते. शेजारी फोन ठेवून एक कॉल लावून पाहावा आणि टकटक किंवा घरघर येते का, ते ऐकावे.

मग आवाज अगदी खाली आणून एकेक पायरी वर न्यावा. रात्री झोपताना ऐकणाऱ्याला खालच्या पायऱ्या बारीक हव्यात. काही प्लेयरमध्ये पहिल्या पायरीवर काही ऐकू येत नाही आणि दुसऱ्यावर शेजारी जागा होतो. दोन प्लेयरची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा ठेवल्याशिवाय मत बनवू नये, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते.

खोक्यावरील २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ या आकड्यांनी फार भारावून जाण्याचे कारण नाही. सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे माप सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर टिपते, तर माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयानुसार ती मर्यादा खाली येते. त्याच पैशांत चांगले इअरफोन घेतले, तर फरक निश्चित कळेल. एक आकडा मात्र जरूर पाहावा, तो म्हणजे हेडफोनच्या जॅकचा अवरोध (आउटपुट इम्पीडन्स). तो आपल्या इअरफोनच्या अवरोधाच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा असा संकेत आहे, म्हणजे १६ ओहमच्या इअरफोनसाठी २ ओहमच्या आत. तो जास्त असेल, तर काही इअरफोनचा खर्ज फुगतो किंवा वरचे सूर दबतात आणि आपण उगाच इअरफोनला दोष देतो.

लोकलच्या खडखडाटात आवाज नकळत वाढत जातो, म्हणून कमाल आवाजाला मर्यादा घालण्याची सोय प्लेयरमध्ये आहे का, तेही पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे आणि मुलांसाठी तितक्याच तासांना ७५ डेसिबल. प्लेयर मुलाच्या हाती जाणार असेल, तर ही सोय असल्याशिवाय तो घेऊ नये.

डोळ्यांची परीक्षा

आता तबल्याची चित्रफीत लावावी. बोट शाईवर पडते त्याच क्षणी बोल ऐकू यायला हवा. आवाज सुमारे ४५ मिलिसेकंदांहून आधी किंवा १२५ मिलिसेकंदांहून उशिरा आला की प्रेक्षकाला तफावत कळू लागते, आणि साध्या ब्लूटूथ इअरफोनवर आवाज याहूनही मागे पडू शकतो. म्हणून ही चाचणी एकदा वायरच्या इअरफोनवर आणि एकदा ब्लूटूथवर घ्यावी. वायरवर जुळते आणि ब्लूटूथवर जुळत नाही असे दिसले, तर प्लेयरमध्ये आवाज मागेपुढे करण्याची सोय आहे का, ते शोधावे.

४:३ आकाराच्या मुद्रणात माणसे आडवी ताणलेली दिसत असतील आणि ती सरळ करता येत नसतील, तर जुन्या मालिका आणि नाटकांची मुद्रणे पाहण्यात काही गोडी राहत नाही. १०८० ओळींची फाइल लावून दहा मिनिटे पुढे उडी मारावी आणि चित्र किती वेळ अडकते ते पाहावे. त्यानंतर प्लेयर दुकानाच्या दारापाशी उन्हात न्यावा. आतल्या ट्यूबलाइटमध्ये झळकणारी स्क्रीन खिडकीच्या सीटवर आरसा होते, हे तिथे अर्ध्या मिनिटात कळते.

अँड्रॉइडवरील प्लेयर किंवा टॅबलेटवर ओटीटी ॲपमधून चित्रपट उतरवून ठेवण्याचा विचार असेल, तर वाइडव्हाइन या संरक्षण प्रणालीची पातळी तपासावी. ती एल३ असेल, तर बहुतेक ॲप साध्या, म्हणजे ४८० ओळींच्या दर्जापुढे जात नाहीत. त्याहून चांगल्या चित्रासाठी एल१ लागते. अँड्रॉइडची आवृत्ती फार जुनी असेल, तर काही काळाने ॲप अद्ययावत होणेच थांबते.

न चालणाऱ्या फाइल हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने बदलून घेता येतात. छोट्या स्क्रीनसाठी आवाजासह १.६ मेगाबिट प्रतिसेकंद इतका वेग पुरतो. म्हणजे तासाला ७२० एमबी आणि अडीच तासांच्या चित्रपटाला १.८ जीबी.

जागा आणि कार्ड

चार मिनिटांचे गाणे ३२० केबीपीएसवर साधारण ९.६ एमबी घेते, त्यामुळे ६४ जीबीच्या कार्डावर साडेसहा हजारांच्या आसपास गाणी मावतात. फ्लॅकमध्ये तेच गाणे दुप्पट-तिप्पट जागा घेते. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे फाइल मांडण्याच्या एक्सफॅट पद्धतीची असतात आणि जुन्या प्लेयरना ती वाचता येत नाहीत; कार्ड फॅट३२ मध्ये बदलले, तर त्यांपैकी काही प्लेयर ते स्वीकारतात, पण मग ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर ठेवता येत नाही. स्वस्तात मिळालेले मोठे कार्ड वापरण्यापूर्वी एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावे, कारण नकली कार्डे संगणकाला खोटा आकार सांगतात आणि खरी जागा संपल्यावर पुढची गाणी गुपचूप गिळून टाकतात.

घरी आणल्यावरचा पहिला आठवडा

दुकानात न होणारी परीक्षा बॅटरीची. कंपनीने सांगितलेले तास बहुधा स्क्रीन बंद, आवाज बेताचा आणि फाइल हलकी अशा परिस्थितीतले असतात. पहिल्या दिवशी पूर्ण चार्ज करून वायरच्या इअरफोनवर गाणी सलग लावून ठेवावीत आणि बंद पडल्याची वेळ टिपावी. दुसऱ्या दिवशी ब्लूटूथवर, तिसऱ्या दिवशी स्क्रीनचा उजेड अर्धा ठेवून चित्रफितीवर. चौथ्या रात्री प्लेयर बंद न करता नुसता ठेवून द्यावा आणि सकाळी टक्केवारी पाहावी. अँड्रॉइडचे काही प्लेयर काहीही न वाजवता रात्रभरात बरीच बॅटरी खातात आणि प्रवासाच्या सकाळी दगा देतात. चार्जिंग चालू असताना चित्रफीत लावून मागची बाजू किती तापते, तेही हाताने पाहावे. जुना प्लेयर घेत असाल, तर तो सपाट टेबलावर ठेवून पाहावा. मागचे झाकण फुगून तो डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली आहे आणि असा प्लेयर कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नये.

उरलेले दिवस तो खरोखर खिशात घालून फिरावे. गर्दीत एक हात दांडीला असताना, प्लेयर खिशातून न काढता गाणे बदलता येते का? बटणांवर कुलूप घालण्याची सोय आहे का, की धक्क्याने आपोआप गाणे पुढे जाते? घामेजलेल्या बोटांना स्क्रीन दाद देते का? पावसाळ्यात हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

कागदपत्रांपुरते दोन शब्द. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि बीआयएस केअर या ॲपमध्ये तो टाकून खरा आहे का ते पाहता येते. पावतीवर प्लेयरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि विक्रेता दोष असूनही दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन घेतला असेल, तर परतीची मुदत कधी संपते ते खोके उघडण्याआधीच कॅलेंडरवर लिहावे आणि वरचे सगळे टिपण त्या तारखेच्या दोन दिवस आधी पुरे करावे, कारण शेवटच्या दिवशी खोके, चार्जिंगची वायर आणि ते चिमुकले माहितीपत्रक यांपैकी काही तरी हमखास सापडत नाही.